अण्णासाहेबांची गवती टोपी आणि बेडशाची वाट

माझे वडील करमाळ्यात लोकांची पागोटी बांधून देतात. आमच्या ओटीवर माणसाच्या डोक्याएवढा बाभळीचा एक ठोकळा आहे. लहानपणी आम्ही भावंडे त्याला ‘पाहुणा’ म्हणत असू, कारण तो सदा कुणाचे ना कुणाचे पागोटे घालून ऐटीत बसलेला असे. अशा घरातल्या मुलाने साहेबी टोपी घालून तीन दिवस मावळात हिंडावे, ही गोष्ट मला स्वतःलाही चमत्कारिक वाटत होती. पण ती टोपी माझ्या डोक्यावर होती म्हणून मावळातली माणसे मला जशी दिसली तशी एरवी दिसली नसती. आमच्याकडच्या ज्या मंडळींनी मावळ पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

लोणावळा

पुण्यात शिकत असताना चार वर्षे मी वार लावून जेवलो. सात दिवस सात घरे. त्यांपैकी गुरुवार अण्णासाहेबांचा. ते आमच्या कॉलेजात इतिहास शिकवीत. वर्गात कडक, पण पानावर बसले की “अरे, याला भात वाढा, हा लाजतो” असे आत ओरडून सांगत. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. घराण्यात कशाला, आमच्या आळीतही पहिलाच. पदवी मिळाली त्याच उन्हाळ्यात मी नमस्कार करायला निघालो. अण्णासाहेब पेन्शन घेऊन लोणावळ्याला राहायला गेले होते.

स्टेशनवर उतरताच पहिली गोष्ट जाणवली ती वारा. आमच्याकडे वैशाखात वारा भट्टीतून निघाल्यासारखा येतो. इथे दुपारच्या बारालाही झाडाखाली गेले की अंग निवते. उन्हात मात्र चटका तोच, किंबहुना हवा गार म्हणून तो उशिरा कळतो. स्टेशनाबाहेर गुळाची चिक्की विकायला होती. काकूंसाठी, म्हणजे अण्णासाहेबांच्या पत्नीसाठी, एक पुडा घेतला. दारात पाऊल टाकले तेव्हा काकू म्हणाल्या, “आज गुरुवार नाही रे सदाशिवा. पण आला आहेस तर बस.” आणि पन्हे आणून दिले. पुण्यात पाहिले होते त्यापेक्षा त्या थोड्या वाकल्या होत्या. अण्णासाहेबांचे गुडघे तर पार गेले होते. काठी घेऊन ते ओसरीपासून आंब्याच्या झाडापर्यंत जात आणि तेवढ्यालाही ‘माझा प्रवास’ म्हणत.

जेवण झाल्यावर त्यांनी मला काम सांगितले. वीस वर्षांपूर्वी ते बेडशाची लेणी पाहून आले होते. लेण्यांचे तोंड पूर्वेला आहे. सकाळी ऊन आत शिरते तेव्हा ते चैत्यगृहात कुठल्या खांबापर्यंत पोहोचते, हे त्यांना पाहायचे होते, पण तेव्हा त्यांना पोहोचायलाच दुपार झाली. शिवाय कामशेतपासूनची पावले त्यांनी मोजली होती, तो वहीचा कागद पावसात भिजून गेला होता. “मी आता जात नाही,” ते म्हणाले, “तू माझे पाय आणि माझे डोळे. आणि हे घे, माझे डोके.”

असे म्हणून त्यांनी कपाटातून हातभर लांबीची पत्र्याची एक नळी काढली. तिच्या तोंडाचे झाकण उघडून आतून काढली ती गवताची टोपी. बासरीसारखी गुंडाळलेली. त्यांनी ती हळूच उलगडली, दोनदा झटकली, आणि बघता बघता रुंद काठाची, पांढुरक्या रंगाची, काळ्या फितीची टोपी तयार झाली. मी चकितच झालो. इतके बारीक विणकाम होते की उजेडासमोर धरले तर मलमलीसारखे दिसे. विलायतेहून परत येताना बोटीवर एका सहप्रवाशाने त्यांना ती दिली होती.

“एक नियम,” अण्णासाहेबांनी बोट वर केले. “गुंडाळण्याआधी ओल्या फडक्यात घटकाभर ठेवायची. नरम झाली की माथ्यावरच्या या उंच रेघेवर, कण्यावर, दुमडायची, मग गुंडाळायची. कोरडी गुंडाळलीस तर संपली. समजले?”

“समजले.”

“पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितले. काकू दारातून म्हणाल्या, “मला तीस वर्षांत हात लावू दिला नाही हो तिला. जप बाबा.”

चार वर्षे त्या घराने मला वाढले आणि कधी काही मागितले नाही. पहिल्यांदाच माझ्या हाती काही सोपवले होते. ती टोपी होती तशी परत आणून द्यायची, एवढेच माझ्या मनात भरले. लेणी दुय्यम झाली.

मग अण्णासाहेब म्हणाले, “पाण्याचा फिरकीचा तांब्या बरोबर ने. लेणी सुंदर आहेत, पण माणसे तिरसट. विहिरीवर उभा राहून पाणी मागितले, तर एका बाईने माझ्यासमोर घागर उपडी केली. असे गाव मी देशात दुसरे पाहिले नाही.”

वळवण

दुसऱ्या दिवशी जायचे होते, म्हणून संध्याकाळी सराव करायला टोपी घालून वळवणला गेलो. डोक्यावर काहीतरी परके बसले आहे असे वाटत होते. रस्त्यात दोघांनी मला रामराम केला आणि एकाने सायकलवरून उतरून वाट दिली. पदवी मिळाली तेव्हाही एवढा मान मिळाला नव्हता. मान मला मिळाला नव्हता, टोपीला मिळाला होता, हे तेव्हाही कळत होते. तरी छाती थोडी पुढे आली हे खरे.

वळवणचे धरण मी प्रथमच पाहत होतो. आमच्याकडे पाणी म्हणजे आडाच्या तळाशी दिसणारे नाणे. इथे डोंगराच्या कुशीत पाणीच पाणी, त्यात सूर्य उतरतो आहे, वाऱ्याच्या लाटा काठाला लागताहेत. मी वही काढून चार ओळी लिहिल्या. “निसर्ग आणि मनुष्य यांनी मिळून निर्मिलेला हा आरसा” अशी काहीशी सुरुवात होती. पुढे काय झाले ते वाचल्यावर तुम्हांला कळेल की ती वही मी आता कुणाला का दाखवत नाही.

लिहिता लिहिता वाऱ्याने टोपी उडाली. बांधावरून ती चाकासारखी उभी पळू लागली, मी मागे. एका पायातली चप्पल सुटली. म्हशी घेऊन चाललेला एक गृहस्थ थांबला, काठी आडवी धरून त्याने टोपी अडवली, आणि गंभीरपणे म्हणाला, “साहेब, टोपी घरी निघालीया. तुमी बी निघा.”

घरी परतल्यावर काकूंनी तिला हनुवटीखाली बांधायला काळा दोरा लावून दिला. अण्णासाहेबांना कळू न देता.

कामशेतहून

सकाळच्या गाडीने कामशेतला उतरलो. बेडशाला जायचे म्हटल्यावर स्टेशनाजवळच्या दुकानदाराने सांगितले, “बाबूभाई निघालेत तिकडंच. जा त्यांच्यासंगं.” बाबूभाई कामशेतचे मुसलमान व्यापारी. पन्नाशीचे, लाल दाढीचे. तट्टावर मीठ, गूळ, सुकट, बांगड्या लादून ते आठवड्यातून एकदा पवन मावळातली गावे घेतात. त्यांनी माझी टोपी नीट निरखली, तट्टाकडे वळून म्हणाले, “बघ रे, शिकला असतास तर तुलाबी मिळाली असती,” आणि आम्ही चालू लागलो.

मला पावले मोजायची होती, म्हणून मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत चाललो. दर शंभराला वहीत रेघ. बाबूभाईंना वाटले मी जप करतो आहे.

“काय मास्तर, कुठल्या देवाचं?”

मी मान हलवली. सातशे चाळीस, सातशे एक्केचाळीस.

“बोलायचं न्हाई व्हय? बरं बरं. मी बोलतो, तुमी ऐका.” आणि त्यांनी ऐकवायला सुरुवात केली. थोरल्या मुलीचे लग्न, तट्टाचा स्वभाव, कुठल्या गावात गूळ चाखून घेतात आणि कुठल्या गावात नुसताच चाखतात. सातशे नव्वदला माझी मोजणी चुकली. मग मी अंदाजाने पुढे धरली. अण्णासाहेबांना हे मी पुढे सांगितले आहे, म्हणून इथेही लिहितो.

वाटेत शेते दिसली ती काळी ठिक्कर. चौकोनच्या चौकोन जळलेले. मला फार वाईट वाटले. मोजणी सोडून मी म्हणालो, “बाबूभाई, केवढे नुकसान झाले हो! वणवा आला होता का?”

बाबूभाई रस्त्यातच उभे राहिले. तट्टूही उभे राहिले. “नुकसान? मास्तर, त्यो राब हाये. पालापाचोळा, शेन टाकून भाजत्यात रान. त्यात भाताचं बी टाकायचं. जळालं न्हाई ते, भाजलंय. तुमच्याकडं काय करत्यात?”

“आमच्याकडे ज्वारी. नुसती पेरतात.”

“मंग बरोबर,” ते म्हणाले, “ज्वारीवाल्याला भात कळायचा न्हाई.” वाटेवर करवंदांच्या जाळ्या होत्या. ती तोडून त्यांनी माझ्या ओंजळीत घातली, काळी, चिकाने बोटे चिकटवणारी. वाटेतल्या एका वाडीवर त्यांचा माल उतरला. “व्हा पुढं. ह्या टेकाडावरून उतरलं का बेडसं. मी येतोच मागनं,” असे म्हणून त्यांनी तागडी काढली.

मी एकटा पुढे निघालो. दुपार भरली होती. टोपीच्या काठाने चेहऱ्यावर, मानेवर सावली धरली होती. खरे सांगतो, करमाळ्याच्या उन्हात वाढलेल्या मला उन्हात इतके हलके कधी वाटले नव्हते. मनात आले, ही वस्तू चांगली आहे. साहेबाची म्हणून वाईट नाही.

बेडसे

गावाच्या अलीकडे विहीर आहे. पाच-सहा बाया पाणी भरत होत्या. तांब्यातले पाणी केव्हाच संपले होते. मी टोपी घालून, हातात वही घेऊन, “नऊ हजार एकशे, एकशे एक” असे म्हणत विहिरीपाशी पोहोचलो आणि थांबून रेघ मारली. पाहतो तो सगळ्या बाया गप्प. एकीने पदर सावरला. चौघी घागरी उचलून निघून गेल्या. उरली ती एक म्हातारी, वाळकी, ताठ, डोळे मोठे.

“मावशी, थोडे पाणी मिळेल का?”

म्हातारीने माझ्याकडे पाहिले. म्हणजे माझ्याकडे नव्हे, माझ्या डोक्याकडे. मग तिने भरलेली घागर शांतपणे जमिनीवर उपडी केली. “त्या टोपीला हितं पानी न्हाई.”

अण्णासाहेबांचे शब्द माझ्या कानांत घुमले. तोवर चार पुरुष आले. त्यांत पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, अंगात बंडी, हातात कोयता, कोयत्याला बांबूचा ओला भुसा लागलेला. त्यांनी विचारले, “किती झालं मोजून?”

मी सरळ मनाने सांगितले, “नऊ हजारांच्या पुढे.”

त्यांचा चेहरा पडला. मागचा एक जण म्हणाला, “आबा, समदंच गेलं की मंग.”

माझी चूक काय ती मला कळेना, पण चूक टोपीत आहे एवढे कळले. वाटले, ही काढून ठेवावी, म्हणजे मी साधा मनुष्य दिसेन. मी घाईघाईने दोरा सोडला, टोपी काढली, आणि तिथेच भर उन्हात ती कण्यावर दुमडली.

कट्.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. वाळली काडी मोडावी तसा. हात थांबले पाहिजे होते, थांबले नाहीत. लाजेने माणूस आरंभलेले काम पुरे करतो. मी ती तशीच गुंडाळून नळीत घातली आणि झाकण लावले.

“नकाशा नळीत घातला बगा,” म्हातारी म्हणाली. “तवाबी आसाच नळीत घालून न्हेलता.”

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. त्यांना काय वाटते आहे याचा विचार करण्याचेही भान राहिले नाही. अण्णासाहेबांचा आवाज ऐकू येत होता, ‘पुन्हा सांग.’ आणि मी पुन्हा सांगितले होते.

तेवढ्यात टेकाडावरून तट्टाच्या गळ्यातली घंटा वाजली. बाबूभाईंनी दुरूनच घोळका पाहिला. जवळ आल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे, एकदा उपड्या घागरीकडे पाहिले आणि हसू लागले. हसता हसता खोकला लागला.

“आरं धोंडीआबा, मोजनीदार न्हाई त्यो. मास्तर हाये. लेनी बघाया आलाय. मघाशी राब बघून रडाया लागलता, वनवा लागला म्हनून.”

“राब बघून?” म्हातारीने विचारले.

“व्हय. ज्वारीकडचा हाये.”

सगळे हसले. मला कुणी हसले म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. म्हातारीने दुसरी घागर उचलली, माझ्या ओंजळीत धार धरली आणि मी पीत असताना वरून म्हणाली, “मंग टोपी कशापायी घातली रं बाबा, मोजनीदारावानी?”

ती पारूमावशी. धोंडीआबांची बहीण. तिचे सासर वळवणला होते. तिची शेती, घर, दारचा आंबा, सगळे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि ती भावाकडे राहायला आली. पाणी येण्याच्या कितीतरी आधी एक दिवस गवती टोपी घातलेला एक मनुष्य आला, पावले टाकून मोजले, वहीत लिहिले, कागद नळीत घातला आणि गेला. त्यावेळी वळवणच्या लोकांनी त्याला ताक पाजले होते. “म्या सोताच्या हातानं पाजलं,” पारूमावशी म्हणाली. “त्ये ताक अजून आठवतं मला.”

आदल्या संध्याकाळी त्याच पाण्यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. वही माझ्या खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही.

आबांच्या अंगणात

जेवायला त्यांनीच बसवले. तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ती पांढरी, पातळ, पापुद्र्याची, आणि बरोबर हुलग्याचे पिठले, कैरीचा ठेचा. “ज्वारीसारखी लागत न्हाई आसंल,” मावशी म्हणाली. मी म्हटले, चांगली लागते. “मंग दोनच का खाल्ल्या?” असे म्हणून तिसरी वाढली. अण्णासाहेबांचे घर आणि हे घर यांत त्या घटकेला मला काही फरक वाटला नाही.

पण माझे लक्ष नळीकडे होते, आणि ते आबांनी ओळखले. “त्या नळीत काय हाय मास्तर? सारकं तिच्याकडं बगताय.”

मी टोपी काढून दाखवली. माथ्याच्या कण्यावर तीन बोटे लांबीची चीर होती, काड्या दोन्हीकडून ताठ उभ्या राहिल्या होत्या. कुणाची टोपी, त्यांनी मला काय दिले, कोणता नियम सांगितला होता, हे मी सगळे सांगितले.

आबांनी टोपी हातात घेतली. आधी वास घेतला. मग नखाने काडी वाकवून पाहिली. “वली न करता मोडली व्हय?”

“हो.”

“तुमचा बा काय करतो?”

“पागोटी बांधतो.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. “आन तुमाला ठावं न्हाई? डोक्यावरचं कायबी वलं केल्याबिगर वळत न्हाई.”

मला ठाऊक होते. हेच तर मी जन्मभर पाहिले होते. वडील कापडावर पाण्याचा हबका मारल्याशिवाय एक घडी घालत नाहीत. बी.ए. होईपर्यंत एवढे विसरलो होतो.

आबांचे अंगण म्हणजे इरल्यांचा कारखाना होता. पावसाळ्यात वाकून भात लावताना मावळात डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर इरले घेतात. बांबूच्या कांबट्यांचा सांगाडा, मध्ये पाने दाबून बसवलेली. दुरून पाहिले तर शेतात मोठी कासवे चरत आहेत असे वाटत असेल. वैशाखात ती विणून ठेवायची, म्हणजे पाऊस आला की धावपळ नको. गावातली निम्मी इरली आबांच्या हातची.

त्यांनी एक मडके पालथे ठेवले, त्यावर टोपी बसवली आणि ओले धोतर गुंडाळले. “ऱ्हाऊ द्या हिला जरा. घाबरलीया.” तोवर ओल्या बांबूची कांबटी घेऊन कोयत्याने तासत राहिले. तासता तासता ती दोऱ्याएवढी बारीक झाली. मग टोपी नरम झाल्यावर आतल्या बाजूने एक काडी वरून, एक काडी खालून अशी ती धाग्यासारखी ओवली. टोके घायपाताच्या वाखाने बांधली. दुपार सरली तरी त्यांनी मान वर केली नाही. बाबूभाई खांबाला टेकून घोरत होते आणि मध्येच जागे होऊन “झालं का रं?” विचारत होते.

काम झाले तेव्हा पांढऱ्या टोपीच्या माथ्यावर हिरव्या बांबूची बारीक नक्षी उठून दिसत होती.

“आबा, दिसते हो.”

“दिसनारच की.”

“अण्णासाहेब काय म्हणतील?”

“काय म्हनायचं त्ये म्हनतील. ऊन काय ठिगाळ बगून आत येतंय?”

पारूमावशीने टोपी त्यांच्या हातातून घेतली. मला वाटले ती टोपीचा राग अजून धरून आहे. पण तिने ती आबांच्या मुंडाशावर ठेवून दिली, चार पावले मागे सरली आणि म्हणाली, “मोजा मोजनीदार, किती बुडतंय आमचं.” आबांनी कमरेवर हात ठेवून अंगणात मोठमोठी पावले टाकली. “म्हशीचा गोठा तेवडा बुडतोय,” ते म्हणाले. मावशी हसत हसत खाली बसली आणि पदराने डोळे पुसले. ती डोळे का पुसत होती ते मी विचारले नाही.

लेणी

पहाटे आबा स्वतः बरोबर आले. मी टोपी हातातच धरली होती. गावातून जाताना घालवेना. आबा म्हणाले, “घाला. आता आमचा बांबू हाय तिच्यात.” मी घातली. विहिरीवर बाया होत्या. एकीने नुसते विचारले, “चालला व्हय?” मी “व्हय” म्हणालो.

चढण फार नाही, पण उभी आहे. वर दोन खडकांच्या चिंचोळ्या फटीतून आत जावे लागते आणि मग एकदम समोर ते चार उंच खांब. डोक्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. इतकी डौलदार की ती आताच कुठे लग्नाला निघाली आहेत असे वाटते. शेजारच्या विहारात गावची देवी आहे, तिथे आबांनी करवंदे ठेवली. मी चैत्यात जाऊन उभा राहिलो. सूर्य समोरच्या डोंगरावर आला. फटीतून ऊन शिरले, ओसरीवर चढले, दारातून आत घुसले आणि आतल्या खांबांमधून पुढे सरकत सरकत थेट स्तूपाच्या पायथ्याला जाऊन टेकले.

आबा म्हणाले, “रोज येतंय. आमी बगत न्हाई एवडंच.”

परत लोणावळ्याला

अण्णासाहेब आंब्याखाली बसले होते. “ऊन?” हा पहिला प्रश्न.

“स्तूपापर्यंत.”

त्यांनी डोळे मिटले. मग हात पुढे केला आणि मी नळी दिली. या वेळी टोपी नियमाप्रमाणे आबांच्या घरच्या ओल्या फडक्यात ठेवून गुंडाळली होती. त्यांनी उलगडली, माथा वर केला, हिरव्या नक्षीवरून बोट फिरवले.

“कोरडी गुंडाळलीस.”

“हो.”

“का?”

मी विहिरीपासून सगळे सांगितले. पारूमावशीचे ताक सांगितले, घागर सांगितली, नळी सांगितली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी माफी मागू लागलो तर अण्णासाहेबांनी हाताने थांबवले. टोपीकडे पाहत ते हळूच म्हणाले, “मीही हीच घालून गेलो होतो. पावले मोजत. नळी खांद्याला लावून.”

त्यांनी टोपी मांडीवर ठेवली.

“वीस वर्षे,” ते म्हणाले, “मी त्या गावाला वर्गात नावे ठेवली. इतिहास शिकवत होतो म्हणे.” मग काकूंकडे वळून, “अहो, त्या धोंडीआबांना निरोप पाठवायचा. मला एक इरले हवे. पावसात या आंब्यापर्यंतचा माझा प्रवास चालू राहिला पाहिजे. आणि पारूबाईंना सांगा, लोणावळ्याला आल्या तर आमच्याकडे ताक प्यायला यायचे.” आणि टोपी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. “ही तुझी. माझ्यापेक्षा तू चांगली वापरलीस. तू निदान काढलीस.”

काकू म्हणाल्या, “बघा, मला हातसुद्धा लावू दिला नाही.” मी टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली, वजन पाहिले आणि म्हणाल्या, “एवढीशीच आहे की.”

करमाळ्याला घरी पोहोचलो तेव्हा वडील ओटीवर काम करत होते. मी टोपी न लपवता डोक्यावर घालूनच गेलो. त्यांनी पाहिले आणि हात पुढे केला. मला वाटले आता बोलणी खाणार. त्यांनी टोपी उलटी केली, आत पाहिले, मग सुलटी केली आणि हिरव्याची पिवळी होत चाललेली ती शिवण अंगठ्याने दाबली.

“हे कुणी केलं?”

“मावळात एक आबा आहेत. इरली विणतात.”

वडिलांनी ‘पाहुण्या’च्या डोक्यावरचे अर्धे बांधलेले पागोटे उतरवून बाजूला ठेवले, टोपी त्याच्यावर बसवली आणि काठाला पाण्याचा हलका हबका मारला.

“हात चांगला आहे माणसाचा,” ते म्हणाले. “ओली करून मग केलंय.”